निर्मळची रीटा आणि कमळीमावशीचा अळू

अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात रीटा तुस्कानो बावीस वर्षं मागच्या दारावर उभी होती. पुढच्या दाराशी काचा, कुंड्या आणि सलाम करणारा माणूस असे. मागच्या दाराशी वजनकाटा, पाण्याचा पाइप आणि रीटा. सकाळी सहाला भाजीचे टेम्पो लागायला सुरुवात होई. हुद्द्यानं ती स्टोअरची कारकून, पण हॉटेलात शिरणारा प्रत्येक दुधी आणि कोथिंबिरीची प्रत्येक जुडी तिच्या हाताखालून जाई. क्रेट उघडला की वरच्या थराकडे ती बघतच नसे. थेट तळाशी हात घाली, कारण भाजीवाल्याला जे लपवायचं असतं ते तो तळाला लपवतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माल पसंत पडला नाही तर वाद नाही. "रिटर्न," एवढंच म्हणून ती पुढच्या टेम्पोकडे वळे. टेम्पोवाल्यांनी तिचं नावच रिटर्न रीटा पाडलं होतं. ते तिच्या कानावर आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही.

ज्याचा माल दोनदा परत गेला, किंवा ज्यानं आयत्या वेळी "आज माल नाही" असं कळवलं, त्या व्यापाऱ्याचं नाव ती यादीतून काढून टाकायची. का नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ते तिचं काम नव्हतं.

ती मूळची निर्मळची. तिचे वडील डॉमनिक यांची तळ्याच्या मागच्या अंगाला पाऊण एकराची वाडी होती. आत केळी, पडवळ, दोडकी आणि बांधाकडेनं मोगरा. वडील गेल्यावर भावांनी ती विकली. तिथं आता तीन बंगले आहेत आणि त्यांतल्या एकाच्या फाटकावर प्लास्टरचे दोन सिंह. रीटाच्या वाट्याला जमीन आली नाही. लग्न तिनं गावातच केलं, नेल्सनशी. नेल्सनचा स्वतःचा टेम्पो होता. लग्नमांडवाचं सामान, खुर्च्या, कधी बँडवाल्यांचे ड्रम, असं तो वसई-विरारभर वाहून नेई.

२०२० च्या उन्हाळ्यात हॉटेल बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. रीटाला चार ओळींचं पत्र आलं. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. घराबाहेर नेल्सनचा टेम्पो ताडपत्रीखाली उभा होता, कारण लग्नं होत नव्हती. आणि गावात वेलांच्या मांडवांवर पडवळं लोंबकळून पिवळी पडत होती, कारण बाजार बंद होते. आठवडाभर दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली. आठव्या दिवशी नेल्सननं ताडपत्री काढून टेम्पो धुतला आणि रीटानं शेजारच्या तीन वाड्यांतली भाजी त्यात भरली.

सुरुवातीला ती दोघं सोसायट्यांच्या फाटकांशी उभी राहत. नोकरदार माणसं मास्क लावून खाली येत आणि भाजी निवडून घेत. वर्षाअखेरीला रेस्टॉरंटं उघडू लागली तेव्हा रीटाला एक फोन आला. फोन हर्षवर्धनचा. अंधेरीच्या हॉटेलात तो धाकटा स्वयंपाकी होता. आता वरळीला त्यानं स्वतःचं छोटंसं रेस्टॉरंट काढलं होतं.

"रीटाताई, तुम्ही आता भाजी देता म्हणे?"

"देते."

"मला बाजारातली भाजी नकोय. ज्या शेतातून येते ते शेत मला माहीत असलं पाहिजे. तुमच्या त्या वसईच्या वाड्या आहेत ना, तिकडची द्याल?"

रीटानं विचार करायला एक दिवस मागून घेतला. विचार काही फारसा केला नाही. तिला फक्त मागच्या दाराची सवय होती, आणि लगेच हो म्हणणाऱ्या माणसावर तिथं कोणी विश्वास ठेवत नसे.

भाजी मिळवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते वाडीवाल्यांना हॉटेलची रीत समजावणं. व्यापारी आला की बरं-वाईट सगळं एकत्र उचलून नेई, त्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय होती. रीटा मात्र दोडकी एका लांबीची मागून घेई आणि उरलेली परत ठेवून जाई. सगळ्यात जास्त वेळ लागला तो कमळीमावशीला.

कमळी राऊत तेव्हा पासष्टीच्या पुढची होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून नोकरीनिमित्त नालासोपाऱ्यात राहत आणि नात सुरुची कॉलेजसाठी आजीकडे राहिली होती. कमळीचं माहेर कामणकडचं, भातशेतीचं. निर्मळला येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिच्या तोंडात पाण्याचं 'पानी'च राहिलं. तिच्या वाडीत, विहिरीच्या उताराला, काळ्या देठाचा अळू होता. गावात अळू सगळ्यांकडे होता, पण वडीसाठी पान हवं असलं की लोक कमळीकडे जात. तिचं पान घशाला लागत नसे.

रीटानं तिला सांगितलं, पान वीतभर हवं, फाटकं नको, धुवायचं नाही, देठासकट ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं.

कमळी हातातला कोयता न थांबवता म्हणाली, "तुझा हाटेलवाला पान खातो का मोजतो?"

"आधी मोजतो, मग खातो."

"म्हंजे तुझ्यासारखाच."

तरी शुक्रवारी साठ पानं तयार होती. वीतभर, एकावर एक, केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या सालपटानं बांधलेली. रीटानं सवयीनं गठ्ठ्याच्या तळाशी हात घातला. कमळी बघत होती. तळाची पानं वरच्यांपेक्षा चांगली होती.

फेब्रुवारीत हर्षवर्धन स्वतः निर्मळला आला. वाडीत फिरला, विहिरीत वाकून पाहिलं, कमळीच्या ओट्यावर बसून दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. त्याचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. कमळी पिठात चिंच नावापुरतीच घालत होती. चिंच घालतात ती अळूची खाज मारायला. या पानाला खाजच नाही, तर ती हवी कशाला? चिंच कमी पडली की पानाची स्वतःची चव वर येते. वरळीला परत गेल्यावर त्यानं आपल्या वडीतली चिंच जवळजवळ काढून टाकली आणि मेनूकार्डावर त्या पदार्थाला नाव दिलं, 'कमळीच्या वाडीतला अळू'.

रीटानं एक कार्ड आणून कमळीला दिलं. सुरुचीनं ते वाचून दाखवलं. कमळीनं पुन्हा वाचायला लावलं.

"माझं नाव तिथं कशाला?"

"लोकांना कळावं म्हणून, की पान कुणाचं आहे," रीटा म्हणाली.

"कळून काय करतील?" असं म्हणाली खरी, पण ते कार्ड तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. कॅलेंडर बदललं, कार्ड तिथंच राहिलं.

पुढची अडीच वर्षं चांगली गेली. रीटाकडे चौदा वाडीवाले झाले, त्यांतले काही चिंचोटीच्या बाजूचे. वरळीमागून वांद्र्याची दोन रेस्टॉरंटं आली. नेल्सन पहाटे टेम्पो काढी आणि घोडबंदरच्या पुलावरची गर्दी चुकवून साडेसातला वरळी गाठे. मागच्या दारांवर आता दुसरीच माणसं उभी असत, आणि तळाला हात घालणारं कोणी भेटलं की रीटाला ते मनातून आवडे.

मग तिसऱ्या वर्षीचा जुलै आला. कमळीच्या वाडीला लागून एक बावखल होतं; म्हणजे वसईकडची ती जुनी, खोल डबकी, आजूबाजूचं पावसाचं पाणी जिथं जाऊन बसतं. त्या वर्षी उन्हाळ्यात कुणीतरी त्यात डबर टाकून ते बुजवलं. पाऊस नेहमीसारखाच लागला, पण पाण्याला बसायला जागा उरली नव्हती. ते कमळीच्या वाडीत आलं आणि चार दिवस तिथंच राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा अळू चिखलात आडवा पडला होता आणि पानांच्या कडा काळ्या पडून सडत होत्या.

"पंधरा-वीस दिवस पान नाही," कमळीनं सांगितलं. "कंद जगला तर पुढचं बघू."

रीटा घरी आली आणि हर्षवर्धनला कळवायला तिनं फोन हातात घेतला. नंबर काढला. मग फोन खाली ठेवला.

'आज माल नाही' म्हणणाऱ्यांचं काय होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बावीस वर्षं तिनंच ती नावं खोडली होती. शिवाय पुढच्या आठवड्यात वरळीला चाळीस माणसांची खास पंगत होती आणि तिच्या यादीत अळूवडी पहिली होती. हर्षवर्धन समजून घेईल, असं तिच्या मनाची एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू म्हणत होती की पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

शुक्रवारी तिनं घाऊक बाजारातून साठ पानं घेतली. एकेक करून निवडली. देठ गडद होते. काळे म्हणावेत इतके काळे नव्हते, पण तिनं ते काळे धरून चालायचं ठरवलं. घरी आणून तिनं ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि वरून केळीचं सोप बांधलं. नेल्सन दारात उभा राहून बघत होता.

"कमळीमावशीला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात?"

नेल्सननं गठ्ठा उचलून टेम्पोत ठेवला.

तो शुक्रवार निभावला. पुढच्या शुक्रवारची पानं मात्र दुसऱ्याच कुठल्या शेतातली आली, आणि शनिवारी पंगत झाली.

रविवारी मिस्सा संपवून रीटा चर्चच्या पायऱ्या उतरत होती तेव्हा तिनं फोन चालू केला. हर्षवर्धनचे सात कॉल येऊन गेले होते. तिनं तिथंच, पायरीवर उभ्या उभ्या फोन लावला.

"रीटाताई, काल चाळीसपैकी बारा जणांचे घसे धरले," तो म्हणाला. तो ओरडत नव्हता. "एक बाई पाणी पिऊन पिऊन रडकुंडीला आल्या. मी स्वतः खाऊन पाहिलं, माझी जीभ अजून बधिर आहे. मी त्यात चिंच घालतच नाही, तुम्हाला माहितीये. कमळीबाईंच्या पानावर भरवसा ठेवून घालत नाही. काय झालं काय अळूला?"

आजूबाजूला माणसं एकमेकांना भेटत होती. कोणीतरी रीटाच्या खांद्याला हात लावून पुढं गेलं.

"पावसाचं पाणी फार झालं की पान कधी कधी खाजतं, शेफ," रीटा म्हणाली.

वाक्य खोटं नव्हतं. अळूचं असं होतं. फक्त ते कमळीच्या पानाबद्दल नव्हतं, आणि हर्षवर्धननं ते कमळीच्या पानाबद्दलच समजून घेतलं.

"ठीक आहे. मग मी मेनूवरून काढतो," तो म्हणाला.

कमळीला तिनं एवढंच सांगितलं की सध्या तिकडून मागणी नाही. श्रावण गेला, गणपती आले. कंद जगले होते. विहिरीच्या उताराला पुन्हा पानं वर आली, पहिल्यापेक्षा मोठी. गावातल्या बायका ऋषिपंचमीला कमळीकडून पानं घेऊन गेल्या. वरळीची मागणी मात्र आली नाही. सुरुचीला हे चमत्कारिक वाटलं. तिनं मोबाइलवर त्या रेस्टॉरंटचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिली, तेव्हा तिला एका गिऱ्हाइकाचा मजकूर सापडला. 'कमळीच्या वाडीतला अळू खाल्ला आणि घरी जाईपर्यंत घसा खाजवत होतो. ही कमळी कोण असेल ती असो, तिनं अळू लावणं सोडावं.' त्याखाली हसणारी तोंडं होती, पुष्कळ, आणि वर तारीख होती ती वाडी चिखलात होती त्या दिवसांची.

सुरुचीनं ते आजीला वाचून दाखवावं की नाही, यावर दोन दिवस घालवले आणि मग दाखवलं.

त्या दुपारी रीटा ओट्यावर दोडकी निवडत बसली होती. कमळी आली आणि उभीच राहिली. रीटानं पाट पुढं केला. कमळीनं तो पायानं बाजूला सारला नाही, पण त्यावर बसलीही नाही.

"त्या दोन शुक्रवारी माझ्या वाडीत काळा चिखल होता," कमळी म्हणाली. "मी एक पान खुडलं नाही. मग तिथं गेलं ते पान कोनाचं?"

रीटानं हातातलं दोडकं खाली ठेवलं. "बाजारातलं."

"आनि नाव?"

रीटाला उत्तर माहीत होतं आणि ते कमळीलाही माहीत होतं. ओट्यावर माश्या घोंघावत होत्या.

"नाव तुझं, मावशी."

"कोनी पाठवलं ते नाव?"

"मी."

कमळीनं पदर खोचला. "मी लगीन करून आले तेव्हा सासू माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही," ती म्हणाली. "पन कंद लावायला तिनं हाताला धरून शिकवलं. कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा. खाजरा कंद निघाला की ती बांधाबाहेर फेकायची. शेजाऱ्याच्या वाडीतपन पडू द्यायची नाही. पन्नास वर्सं मी तेच केलं. आता तिकडं कोन कुठला मानूस म्हनतो, कमळीनं अळू लावू नये."

"मावशी, मी उद्या फोन करून शेफला सांगते."

"फोन नको. मला तिथं घेऊन चल. मी वडी करते, तो खाईल. तुझं जे काय आहे ते तू तिथं बोल, माझ्यासमोर."

मंगळवारी दुपारी, जेवणं आटोपून स्वयंपाकघर थंडावलं होतं त्या वेळी, नेल्सननं दोघींना वरळीला मागच्या दाराशी उतरवलं. कमळीनं नवी साडी नेसली होती आणि केसांत अबोली माळली होती. आत जायच्या आधी सगळ्यांना घालायला कागदी टोप्या दिल्या. कमळीनं ती अबोलीवरून अलगद चढवली. हातात ओल्या गोणपाटातला गठ्ठा होता.

हर्षवर्धन गोंधळला होता. तो खुर्ची आणायला सांगत होता, पाणी आणायला सांगत होता. कमळी म्हणाली, "हात दे."

त्यानं हात पुढं केला. तिनं एक देठ मोडला आणि त्याचं ओलं टोक त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासलं. स्वतःच्या हातावरही घासलं. "थांब आता," ती म्हणाली. मग तिनं बेसन, गूळ आणि तिखट मागून घेतलं आणि कामाला लागली. दोन स्वयंपाकी बाजूला उभे राहून बघत होते. पानाची शीर लाटण्यानं दाबताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. उंडे वाफेवर गेले. पंधरा मिनिटं झाली, हर्षवर्धन मनगट बघत होता; तिथं काही उठलं नव्हतं.

रीटा शीतकपाटाला टेकून उभी होती. इतका वेळ तिला वाटत होतं की बोलायची वेळ आली की शब्द आपोआप सुचतील. ते सुचले नाहीत. ती जे झालं ते झालं तसं सांगत गेली.

"शेफ, त्या दोन शुक्रवारी पान मावशीचं नव्हतं. मावशीच्या वाडीत पाणी भरलं होतं. मी बाजारातून घेतलं, तिच्यासारखं बांधलं आणि तिच्या नावानं पाठवलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी पावसावर ढकललं."

हर्षवर्धननं मनगटावरून नजर काढली. "तुम्ही एकदा 'नाही' म्हणून कळवलं असतं, तर मी वडी रद्द केली असती. एवढंच."

"मला वाटलं, तुम्ही नाव खोडाल."

"माल नाही म्हणून?"

"मी खोडायचे."

हर्षवर्धननं मनगट पुसलं. "आणि आता तुम्ही मागच्या दारावर असता तर?"

"खोडलं असतं," रीटा म्हणाली.

"मग मलाही खोडावं लागेल, रीटाताई."

"हो."

उंडे उतरले. कमळीनं ते कापून, परतून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं चार वड्या उभ्यानंच खाल्ल्या, स्वयंपाक्यांनीही खाल्ल्या, आणि तिला जे हवं होतं ते झालं. संध्याकाळी रेस्टॉरंटच्या पानावर त्यानं लिहिलं की पंगतीच्या दिवशीचा अळू कमळी राऊत यांच्या वाडीतला नव्हता, चूक पुरवठ्यात झाली होती आणि ती तपासण्याची जबाबदारी रेस्टॉरंटची होती. सुरुचीनं ते वाचून दाखवलं. कमळीनं विचारलं, "एवढंच?" सुरुची म्हणाली, "एवढंच." त्याखाली हसणारी तोंडं नव्हती, मुळात तो मजकूर फार कोणी वाचलाच नव्हता.

त्या दिवशी परतताना घोडबंदरच्या पुलावर दीड तास गाडी अडकली. टेम्पोच्या केबिनमध्ये तिघं दाटीवाटीनं बसली होती. कमळीनं उरलेल्या वड्यांचा डबा उघडला, नेल्सनला दोन दिल्या, स्वतः एक खाल्ली आणि डबा मधे ठेवला. तो मिटला नाही आणि रीटाकडे सरकवलाही नाही. रीटानं वडी घेतली नाही.

वांद्र्याच्या दोन्ही रेस्टॉरंटांनीही महिन्याभरात मागणी थांबवली. मुंबईतले स्वयंपाकी एकमेकांशी बोलतात. रीटानं मग एक अवघड गोष्ट केली. चौदाही वाडीवाल्यांकडे ती स्वतः गेली आणि काय घडलं ते प्रत्येकाला आपल्या तोंडानं सांगितलं. काहींना त्यात विशेष वाटलं नाही. एकजण तर म्हणाला, व्यापारी रोज हेच करतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. तिघांनी माल देणं बंद केलं. चिंचोटीचा जयराम, जो भाताच्या बांधावर काकडी आणि भेंडी लावी, त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या काकडीला कोनाचं नाव लावतेस?" त्यानं विचारलं.

"कुणाचंच नाही."

"आनि पानी भरून काकडी गेली तर?"

"नाही म्हणून सांगेन."

"मग ने," जयराम म्हणाला आणि काकड्या भरायला लागला.

मुंबई गेली तेव्हा रीटानं जवळचं शोधलं. वसई स्टेशनजवळची एक खानावळ, नालासोपाऱ्यातल्या एका इस्पितळाचं स्वयंपाकघर, एक कॉलेजचं कँटीन आणि लग्नांची जेवणं करणारी ज्युलिएट डिमेलो. इथं कोणी वाडी बघायला येत नसे, मेनूकार्ड नसे, आणि पडवळ कुणाच्या विहिरीवर वाढलं याची चौकशी नसे. रोज दुधी लागे, रोज भेंडी लागे. काम पूर्वीपेक्षा जास्त आणि बोलणं कमी. दर गुरुवारी ती सगळ्यांना एक यादी पाठवू लागली, आणि त्या यादीत सगळ्यात वर, काय मिळणार नाही ते लिही. पहिली यादी मिळाल्यावर ज्युलिएटचा फोन आला.

"अगं, तू भाजी विकतेस की न विकण्याची जाहिरात करतेस?"

"आधी नाही ते वाच, मग आहे ते वाच."

"लोकांना आधी आहे ते ऐकायचं असतं, रीटा."

"असेल," रीटा म्हणाली आणि पुढच्या गुरुवारीही यादी तशीच पाठवली.

वरळीला अळू पुन्हा मेनूवर आला आणि चार-पाच महिने तो सुरुचीच्या फोनवरून गेला. हर्षवर्धन थेट तिला मागणी कळवी आणि गाडी पाठवी. पण सुरुचीची परीक्षा आली, गाडी कधी लवकर येई, कधी दुपारी. एकदा पानं प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून काळी पडली. त्यात कोणाचा दोष नव्हता आणि भांडणही झालं नाही. दोन्हीकडून मागणी आणि पानं हळूहळू कमी होत गेली आणि एका शुक्रवारी थांबली.

त्यानंतर काही दिवसांनी कमळी रीटाच्या ओट्याशी आली. मधल्या काळात दोघी रस्त्यात भेटत, मान हलवत आणि पुढं जात. या वेळी तिच्या काखेत गठ्ठा होता.

"ज्युलिएटला लागतो का अळू?"

"लागतो."

"मग पान ने. नाव नको."

"नाही घेणार नाव, मावशी."

"गावाचंपन नको. अळू म्हनायचं, बस."

रीटानं गठ्ठा घेतला. पाट पुढं केला. कमळी बसली, पाणी प्यायली, आणि बावखल बुजवणाऱ्या माणसाबद्दल बरंच काही बोलून गेली.

आज रीटाकडे एकोणीस वाडीवाले आहेत. वरळीचं काम परत आलं नाही, तिनं ते मागितलंही नाही. कमळीनं अळू विहिरीच्या आणखी वरच्या अंगाला, एक हात उंच वाफ्यावर नेला आहे, तरी गेल्या पावसाळ्यात पाणी तिथंही पोचलं. तिनं सुरुचीकडून रीटाला निरोप पाठवला. गुरुवारच्या यादीत पहिल्याच ओळीत रीटानं लिहिलं: अळू नाही. त्या शनिवारी आगाशीला एका लग्नाचं जेवण ज्युलिएटकडे होतं आणि त्यात अळूवडी ठरलेली होती. ज्युलिएटनं कपाळाला हात लावला, वराच्या आईला फोन केला आणि कोथिंबीर वडी ठरवली. तीस जुड्या कोथिंबीर रीटानं जयरामकडून आणून दिली. पाऊस पडत होता, मांडवाला एका कोपऱ्यात गळती लागली होती, आणि पाहुण्यांनी वड्या दुसऱ्यांदा मागून घेतल्या. वराच्या आईनं ज्युलिएटला तिचं कार्ड मागितलं. अळूवडीचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.